जिन्याची नाडी

त्या वस्तीत युद्धाची बातमी नुसत्या कानांनी कुणी ऐकत नसे. कानाला फसवणं सोपं, डोळ्याला तर त्याहून सोपं. युद्ध पेटलं त्या काळात दोन्ही बाजूंच्या यंत्रांनी हवे ते चेहरे आणि हवे ते आवाज घडवून लोकांपुढे उभे केले होते. मेलेला सेनापती उठून भाषण देई आणि सुखाने नांदणारं गाव धडधडा जळताना दिसे. लोक इतके पोळले, इतके विटले, की शेवटी कायदाच झाला. वार्ताहराच्या मनगटाला पट्टा, पट्ट्यात त्याची नाडी, आणि नाडी सोबत आली नाही तर ती वार्ता वार्ताच नव्हे. त्या पट्ट्याची नक्कल कुठल्याच यंत्राला साधली नव्हती. घरोघरी तळहाताएवढी एक तबकडी वाटली गेली. वार्ता लागली की माणसं तबकडीवर हात ठेवत, आणि दूर रणात बोलणाऱ्याचं काळीज त्यांच्या तळव्याखाली ठोके देऊ लागे. काळीज धावतंय म्हणजे माणूस तिथं आहे आणि खरं बोलतोय. लोकांनी एवढंच गाठीला बांधलं होतं.

ताडपत्रीवालीच्या घरी ही तबकडी शिलाई मशीनच्या फळीवर असे, मोठ्या कात्रीच्या शेजारी. घर म्हणजे चौथ्या मजल्यावरची एक खोली, नदीपलीकडून उठून आलेल्या लोकांसाठी बांधलेल्या इमारतीतली. अर्ध्या खोलीत निळ्या-करड्या ताडपत्र्यांचा ढीग, उरलेल्या अर्ध्यात संसार. तंबूंच्या आणि गाड्यांच्या ताडपत्र्या ती शिवे. मेण लावलेला दोरा, दाभणाएवढी सुई, आणि प्रत्येक शिवण घालून झाली की ती दोन्ही हातांनी ओढून पाहायची. स्वतःच्या हातच्या शिवणीवरसुद्धा तिचा विश्वास नव्हता. नवरा म्हणे, "तू देवाला नमस्कार करशील तोसुद्धा एक डोळा उघडा ठेवून." हे तो कौतुकाने म्हणतो की तक्रारीने, याचा तिला कधी थांग लागला नाही. त्याच्या कुठल्याच बोलण्याचा लागत नसे.

नवरा युद्धवार्ताहर. वस्तीत त्याला थंडोबा म्हणत, आणि मागे नव्हे, तोंडावर म्हणत. कारण त्याची नाडी. बाकीच्या वार्ताहरांची वार्ता लागली की तळव्याखाली घोडा उधळल्यासारखं होई, पोरं तबकडीवर हात ठेवून किंचाळत आणि म्हाताऱ्या डोळे मिटून घेत. थंडोबाची वार्ता लागली की तबकडीत सावलीला बसून रवंथ करणारी गाय असल्यासारखं वाटे. तो सांगत असे पडलेल्या घरांचं आणि उघड्यावर पडलेल्या माणसांचं, आणि खाली ठोका आपला एक... मग एक... मग एक.

"हा घरी गादीवर लोळून बोलतो," खालच्या मजल्यावरचा न्हावी म्हणे. "माझ्या खुर्चीत गिऱ्हाईक झोपतं ना, त्याची नाडीसुद्धा याच्यापेक्षा जोरात चालते."

खरं तर ती त्याची काम करायची पद्धत होती. गोळा पडला की दुसरे पळत, हा बसे. आधी बसायचं, मग घोटभर पाणी प्यायचं, मग वारा कुठून येतो ते पाहायचं, पायाखाली काय आहे ते पाहायचं, आणि मग तोंड उघडायचं. त्याची प्रत्येक वार्ता तशीच सुरू होई. वारा डोंगराकडून आहे. पायाखाली चुनखडी आहे. त्यानंतर जे पाहिलं ते, आणि न पाहिलेलं एक अक्षर नाही. भयंकर, भीषण, काळीज पिळवटणारं असले शब्द त्याच्या तोंडी कधी आले नाहीत. नवे वार्ताहर मात्र वेगळं करत. बोलण्याआधी ते कुठलातरी जिना धावत चढून येत, म्हणजे नाडी आपोआप उधळे आणि वार्ता गाजे. थंडोबा त्यांना 'जिन्याचे वार्ताहर' म्हणायचा आणि त्यांच्याबरोबर चहासुद्धा प्यायचा नाही. फार ताठ माणूस. वाकायचं म्हटलं तर बुटाची नाडी बांधायलासुद्धा दगड शोधून त्यावर पाय ठेवायचा.

अधूनमधून तो घरी येई. चार मजले चढून दाराशी उभा राही आणि काही न बोलता मनगट पुढे करी. पट्ट्याची कळ अशी विचित्र होती, की ज्याने बांधला त्याला एका हाताने ती सोडवता येत नसे, दुसऱ्याच कुणीतरी दोन्ही हातांनी दाबावी लागे. म्हणून घरी आला की पहिलं काम तेच. ती त्याचं मनगट धरून कळ दाबे आणि तिच्या बोटांखाली त्याची नाडी उसळत असे. आधी भरभर, मग जरा कमी, मग आणखी कमी, उतारावरून येणारी गाडी सपाटीला लागावी तशी. इतक्या वर्षांत तिने त्याच्या तोंडून प्रेमाचं वाक्य ऐकलं नसेल, पण ती नाडी तिला पाठ होती. ती जिन्याची नाडी. बाकी त्याचं काळीज कशाने धावतं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि हेच तिचं दुखणं होतं.

कारण एकदा ते धावलं होतं. मागे एका वार्तेत, सगळं नेहमीसारखं संथ चाललेलं असताना, "इथे एका बाईने आम्हाला पाणी दिलं" एवढं एक वाक्य आलं आणि तबकडी थरारली. भरभर, भरभर, भरभर. मग पुन्हा गाय रवंथ करू लागली. अख्ख्या वस्तीने ते तळव्यावर झेललं. दुसऱ्या दिवशी नळावर ताडपत्रीवाली गेली तर बायका घागरी भरायच्या थांबून तिच्याकडे पाहत राहिल्या. तो घरी आल्यावर तिने विचारलंच.

"कोण होती ती?"

"कोण?"

"पाणी देणारी."

"म्हातारी होती गं. तिचं कुत्रं अंगावर आलं, म्हणून."

"वार्तेत कुत्र्याचं नाव नाही."

"कुत्र्याची बातमी देतात का?"

तिच्या मनातून ते गेलं नाही. कपड्यात राहिलेल्या सुईसारखं ते तिला वळताना, वाकताना कधीही टोचे. थंडोबाची प्रत्येक वार्ता ती तेव्हापासून वेगळ्याच कानाने, वेगळ्याच तळव्याने ऐकू लागली.

मग तह झाला. दोन्ही बाजूंची सरकारं दमली होती. पण नदीवरच्या पुलावर तीन राखणदार उभे होते, आणि खरी भीती त्यांची होती. राखणदार म्हणजे तीन पायांची, ताडाएवढी उंच लोखंडी यंत्रं. सैन्यांनी ती राखणीला सोडली आणि पुढे ती कुणाचीच उरली नाहीत. आपला कोण, परका कोण हे विसरून, पुलावर जो ऊबदार जीव दिसेल त्याला जाळायचं एवढंच त्यांना ठाऊक राहिलं. तहानंतर दोन्ही सरकारांनी मिळून त्यांना निजवण्याचा हुकूम सोडला. राखणदारांच्या माना खाली लोंबल्या. ते निजले असं जाहीर झालं, आणि पूल सकाळी उघडणार, ज्यांना आपापल्या घरी परतायचं त्यांनी परतावं, असंही जाहीर झालं.

इमारतीत नुसती लगबग उडाली. जिन्यावर गाद्या, पेट्या, पिंजरे, पाट्या. ताडपत्रीवालीचा धाकटा भाऊ काचवाला होता. पलीकडे त्याचं खिडक्यांना काचा बसवायचं दुकान होतं, बापाच्या हातचं. बायको आणि दोन मुलींसह तो शेजारच्याच खोलीत राहत होता. त्याने सगळ्यात आधी बांधाबांध केली.

"ताई, तुझं मशीन मी उचलतो. तू फक्त चल."

"तुझे दाजी येऊ देत की."

"दाजी पलीकडच्याच काठावर आहेत ना, बुरुजावर? आपण जाऊ तेव्हा वाटेतच भेटतील. वारा कुठून येतो ते सांगतील आपल्याला."

तीसुद्धा हसली. तिचंही माहेर पलीकडेच. अंगणातला हौद, त्याच्या काठावरचं शेवाळ, सगळं डोळ्यांपुढे आलं. तिने ताडपत्र्यांचे गठ्ठे बांधले.

दुपारी वार्ता लागली. थंडोबाची आहे असं कळताच लोक हातातलं काम घेऊनच तबकडीजवळ टेकले, नेहमीच्या आळसाने. पण पहिल्याच शब्दाला तळव्याखाली घोडा उधळला.

"पूल ओलांडू नका. राखणदार निजलेले नाहीत. एक गाय पुलाच्या तोंडाशी आली होती. ती जशी चालली तशा तिघांच्याही माना तिच्याबरोबर वळल्या. गाय पुलावर न चढता माघारी गेली, तेव्हा माना पुन्हा खाली आल्या. राखणदार माणसांची वाट पाहत आहेत. कुणीही पुलावर पाय ठेवू नका."

एवढंच. इमारतीत एकदम आवाज फुटला. थंडोबाची नाडी धावली! ज्याचं काळीज गोळ्यांच्या पावसात हललं नाही, ते आज घोड्यासारखं धावलं! म्हणजे केवढं पाहिलं असेल त्याने! न्हावी डोक्याला हात लावून जिन्यातच बसला. पोरींच्या आया गाठोडी सोडू लागल्या. खाली नेलेल्या गाद्या पुन्हा वर येऊ लागल्या.

ताडपत्रीवालीचा हात मात्र तबकडीवरून निघेना. तिचा चेहरा आंबला होता.

"काय गं ताई?" काचवाला दारात उभा होता. त्याच्या हातात अजून दोरी होती.

"काही नाही."

"काही नाही काय? तुझं तोंड बघ."

बोलायचं नव्हतं, पण संशयाचं असंच असतं, एकट्याला तो पेलवत नाही. ती म्हणाली, "ही भीतीची नाडी नाही रे. ही जिन्याची."

"म्हणजे?"

"भ्यालेल्या माणसाची नाडी भीतीच्या गोष्टीपाशी चढते. ह्यांची पहिल्या शब्दाला चढलेली होती आणि तिथून उतरत गेली. गाईमागे माना वळल्या म्हणाले तेव्हा निम्म्यावर आली होती. हे आले धावत कुठूनतरी वर आणि बोलले. मी काय ओळखत नाही? जन्म गेला माझा ती नाडी सोडवण्यात."

काचवाल्याचे डोळे लहान झाले. "दाजी खोटं बोलतायत?"

"मी असं कुठं म्हटलं?"

"मग जिना चढायची काय गरज पडली? ताई, वारा कुठून हेसुद्धा सांगितलं नाही आज. कधी विसरतात का ते?" मग तो हळूच म्हणाला, "की आपण तिकडे यावं असं त्यांना वाटत नाही?"

तिच्या मनात जे कोपऱ्यात दबा धरून बसलं होतं तेच त्याने बाहेर ओढलं. पलीकडच्या काठावर काय आहे, कोण आहे? पाणी देणारी बाई कुठल्या काठावरची होती? तिने काही उत्तर दिलं नाही, आणि न दिलेल्या उत्तराचं भावाने होय करून घेतलं. तो धाडधाड जिना उतरला. थोड्याच वेळात इमारतीत कुजबुज फिरली, की थंडोबाची बायकोच म्हणते नाडी खोटी आहे. लोकांनी सोडलेली गाठोडी पुन्हा बांधायला घेतली. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं, पण काचवाला थेट वार्ता कचेरीत गेला आणि त्याने हरकत नोंदवली. तसा कायदाच होता. वार्तेवर कुणाची हरकत आली तर तपासनीसाने त्याच दिवशी निकाल द्यायचा.

उन्हं कलली तेव्हा कचेरीचा शिपाई तिला बोलवायला आला.

कचेरीच्या बाहेरच्या खोलीत एक जाडजूड बाई यंत्रापुढे बसलेली होती. रणातून येणाऱ्या वार्ता ती उतरवून घेई, म्हणून तिला सगळे उतारेवाली म्हणत. तपासनीस आत कुणाशी तरी बोलत होता. उतारेवालीने ताडपत्रीवालीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तुम्हीच का त्या?"

"मीच."

"बाई, तुमच्या मनात काय आहे ते तुमचं तुम्हाला ठाऊक. पण सकाळची वार्ता तुम्ही ऐकलीत का?"

"सकाळी कुठं लागली वार्ता?"

"लागली नाही. आली होती." उतारेवालीने आतल्या दाराकडे एक नजर टाकली आणि तिचा हात ओढून आपल्या तबकडीवर ठेवला. "कुणाला सांगू नका."

आवाज आला. थंडोबाचाच. वारा नदीकडून आहे. पायाखाली बुरुजाचा दगड आहे, कोरडा आहे. एक गाय पुलाच्या तोंडाशी आली. ती नदीच्या बाजूला निघाली तशा राखणदारांच्या माना तिच्याबरोबर, वाऱ्याच्या विरुद्ध, नदीकडे वळल्या. आणि तळव्याखाली एक... मग एक... मग एक. गाय रवंथ करत होती.

"साहेबांनी ती नापास केली," उतारेवाली पुटपुटली. "म्हणाले, एवढी मोठी गोष्ट आणि नाडी अशी? घरी बसून रचलंय. संशयास्पद. परत पाठवली. मी त्यांना बुरुजावर कळवलं, नापास झाली म्हणून. त्यांनी मग विचारलं, 'कशामुळे?' मी म्हटलं, नाडी. मग दुपारी ती दुसरी आली."

ताडपत्रीवालीने हात काढला. त्या बुरुजाला आतून गोल जिना होता हे तिला ठाऊक होतं, लहानपणी ती त्यावर लपाछपी खेळली होती. तिच्या डोळ्यांपुढे तो माणूस उभा राहिला. बुटाची नाडी बांधायला न वाकणारा. जिन्याच्या वार्ताहरांबरोबर चहा न पिणारा. तो खाली उतरला असेल, खालच्या पायरीशी थांबून त्याने आजूबाजूला कुणी पाहत नाही ना हे बघितलं असेल, आणि मग तोंड मिटून वर धावला असेल. कशासाठी? उद्या सकाळी पुलावर कोण कोण चढणार होतं? तिचा भाऊ, त्याच्या दोन मुली, न्हावी, ती स्वतः. इतक्या वर्षांत तिने त्याच्यावर नाना संशय घेतले, पण हा माणूस तिच्यासाठी कधी खोटं करील असा संशय तिला एकदाही आला नव्हता.

आणि तिने काय केलं होतं? त्याचा तो जिना ओळखला, आणि बोलून बसली.

"या," आतून हाक आली.

तपासनीस वाईट माणूस नव्हता. सर्दीने नाक लाल झालेलं, बोलणं मऊ, गळ्याभोवती मफलर. पण त्यालाही तहाच्या दिवसांत कुणावर विश्वास ठेवावा हे कळेनासं झालं होतं.

"बसा बाई. सरळ विचारतो. युद्ध संपलं की युद्धवार्ताहराला काम उरत नाही. एखाद्याला युद्ध संपायला नको असेल, असंही होऊ शकतं. होय की नाही?"

"माझ्या नवऱ्याला तसं नाही."

"तुमचा भाऊ म्हणतो, तुम्ही नाडी जिन्याची आहे म्हणालात. ते खरं असेल तर वार्ता रद्द, पूल सकाळी उघडणार आणि यांचा पट्टा काढून घेणार. ते खोटं असेल तर पूल बंद, आणि आधी रिकामी गाडी सोडून बघणार. मला दोनच खुणा करता येतात."

"साहेब, समजा नाडी जिन्याची असली, तरी गोष्ट खरी असू शकते ना?"

तो थकल्यासारखा हसला. "नाडी खोटी आणि गोष्ट खरी? मग आम्ही हे सगळं दुकान कशाला मांडलंय? माना वाऱ्याने हलल्या असतील, असं वरचे लोक म्हणतायत."

वारा नदीकडून होता, माना नदीकडेच वळल्या, वाऱ्याने त्या उलट्या गेल्या असत्या. हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते नापास वार्तेत होतं, आणि ती बोलली असती तर उतारेवालीची नोकरी गेली असती, शिवाय नापास वार्तेला इथे कुणी विचारलं नसतं.

"पट्टा बांधून बोलावं लागेल," तपासनीस म्हणाला. "साक्ष घरोघरी लागेल. चालेल?"

तिने मनगट पुढे केलं. इतकी वर्षं ती तो सोडवत आली होती, पण स्वतःच्या हाताला त्याचा स्पर्श पहिल्यांदाच झाला. तो गार होता आणि वाटला त्यापेक्षा जड. तिला वाटलं, आता हा मला पकडणार. ती जन्मात कधी चारचौघांत खोटं बोलली नव्हती. तिच्या कानशिलात ठोके पडू लागले.

"बोला. ती नाडी कशाची होती?"

"भीतीची."

"मग भावाला जिन्याची का म्हणालात?"

खोटं बोलायचं तर त्यात थोडं खरं कालवावं लागतं, हे तिला त्या क्षणी आपसूक सुचलं. ती म्हणाली, "रागाने बोलले. माझा नवऱ्यावर संशय आहे. बाईचा. ती पाणी देणारी बाई सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. मला वाटलं, हे आम्हाला तिकडे येऊ देत नाहीत ते त्यासाठीच. म्हणून मी त्यांना खोटं पाडलं. त्यांची नाडी खरी आहे. मी ओळखते. पुलावर कुणी जाऊ नका."

तपासनीसाचा हात त्याच्या तबकडीवर होता. त्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून मोकळ्या होताना तिने पाहिल्या. तिचं काळीज असं धावत होतं, की ते छातीतून उडी मारून टेबलावर पडेल असं तिला वाटत होतं. खोटं बोलण्याच्या धास्तीने ते धावत होतं, आणि ह्या माणसाला ते खरेपणाचं वाटत होतं.

"इतकी धावती साक्ष मी कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती," तो हळहळून म्हणाला. "तुम्हाला हे बोलायला किती जड गेलं असेल बाई. पाणी घ्या." आणि त्याने पास केल्याची खूण केली.

ती परतली तेव्हा साक्ष लागून गेली होती. जिन्यात उभ्या असलेल्या बायकांनी तिला वाट करून दिली, अंग चोरून, जरा जास्तच. "बिचारी," कुणीतरी म्हटलं. "नवरा जीव वाचवतोय आणि ही काय घेऊन बसली!" दुसरी म्हणाली. न्हावी मान हलवत खालीच थांबला. काचवाल्याने खोलीचं दार लावून घेतलं. ती आली हे त्याला कळलं होतं, पण त्याने कडी काढली नाही.

सकाळी सगळी वस्ती काठावर जमली. तपासनीसाने बिनचालकाची गाडी मागवली होती. राखणदार ऊब ओळखतात, म्हणून बाकांवर गरम पाण्याची पिंपं बसवली होती, माणसाच्या अंगाइतपत ऊन. गाडी पुलावर चढली. राखणदारांच्या माना लोंबतच होत्या. लोकांतून एक चुकचुक उठली. बायका ताडपत्रीवालीकडे वळून पाहू लागल्या. काचवाला एका बाजूला, मुलींच्या खांद्यांवर हात ठेवून उभा होता. गाडी निम्म्यात आली. ताडपत्रीवालीला वाटलं, मीच चुकले की काय. काल सकाळची ती संथ नाडीसुद्धा खोटी असली तर?

तेवढ्यात तिन्ही माना सावकाश वर आल्या. काही घाई नव्हती. उजेडाची एक सरळ रेघ आली, आणि गाडी जिथं होती तिथं नुसता धूर उरला. आवाज नंतर आला, नदी ओलांडून, जड दार लागावं तसा.

काचवाल्याने मुलींची तोंडं आपल्या पोटाशी घट्ट दाबून धरली. मग तो बहिणीजवळ आला आणि तिच्याकडे न पाहता म्हणाला, "ताई, एक सांग. ती नाडी जिन्याची होती ना?"

"तुझ्या बायकोला सांग, आज चूल पेटवू नको म्हणावं. माझ्याकडे जेवा."

"मी काय विचारतोय?"

"आणि मी काय सांगतेय?"

तो तिच्याकडे पाहत राहिला. पुढे जन्मभर तो तिच्याकडे असाच पाहत राहिला, जरा दुरून, जरा बिचकून, ज्या माणसाची शिवण कुठे आहे हे सापडत नाही त्याच्याकडे बघावं तसा.

दुपारी कचेरीतून निरोप आला, बुरुजावरून बोलणं आहे. तिथल्या फोनवर पट्टा नसतो, घरच्यांशी बोलायला तो फोन. पण तारेवर मध्ये किती कान असतात हे दोघांनाही ठाऊक होतं.

"काल तुझी साक्ष ऐकली," तो म्हणाला. "हात ठेवून ऐकली."

"बरं."

"एवढी धावत होती. कशाने?"

तिने उतारेवालीकडे पाहिलं. उतारेवाली मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती.

"जिने चढून आले होते," ती म्हणाली.

तो म्हणाला, "कचेरी तळमजल्यावर आहे ना?"

"हो."

तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. तो हसतोय की काय, असाही एक संशय तिला आला, पण हसताना त्याला तिने इतक्या कमी वेळा ऐकलं होतं की खात्री करता येईना.

"माझे गुडघे फार दुखतायत," शेवटी तो म्हणाला.

"तेल चोळा," ती म्हणाली. "आणि आता दोन दिवस बसूनच बोला."